भातातील प्रथिन कायनेज

प्रथिन कायनेज हा पेशीतील इतर प्रथिनांना फॉस्फेट गट जोडणाऱ्या विकरांचा गट आहे. पेशीने विभाजन पावावे की थांबावे, तसेच पूर, अवर्षण किंवा रोग यांच्या ताणाला कसा प्रतिसाद द्यावा, हे बऱ्याच अंशी ही विकरे ठरवतात. मानवी जनुकसंचात प्रथिन कायनेजांची ५०० हून थोडी अधिक जनुके आहेत, तर भाताच्या जनुकसंचात ती सुमारे १,४०० आहेत. वनस्पतीला प्रतिकूल जागा सोडून जाता येत नाही. बाहेरचे संकेत पेशीच्या पृष्ठभागावरच ओळखणारी ग्राही कायनेजे तिच्यात विशेष मोठ्या संख्येने आढळतात.

कार्यपद्धती

कायनेज हे एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या टोकाचा फॉस्फेट गट घेऊन तो लक्ष्य प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लावर बसवते. या क्रियेला फॉस्फोरिलीकरण म्हणतात. फॉस्फेटवरील ऋण प्रभारामुळे प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते कार्यरत होते किंवा निष्क्रिय होते. फॉस्फटेज विकरे हा गट पुन्हा काढून टाकतात. त्यामुळे नवे प्रथिन तयार न करताही पेशीला आपला प्रतिसाद त्वरेने बदलता येतो. या उलटसुलट होणाऱ्या क्रियेच्या शोधाबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशी विभाजनाचे नियमन

पेशीचक्राचा एक टप्पा संपून पुढचा केव्हा सुरू व्हावा, हे सायक्लिन-अवलंबी कायनेजे ठरवतात. सायक्लिन हे प्रथिन जोडले गेल्यावरच ही कायनेजे कार्यरत होतात. पेशीचक्राच्या या नियंत्रकांच्या शोधाबद्दल लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. वनस्पतींत या कायनेजांचे 'अ' आणि 'ब' असे दोन मुख्य प्रकार विभाजनाचे काम पाहतात. त्यांपैकी 'ब' प्रकार केवळ वनस्पतींतच आढळतो. केआरपी नावाची प्रथिने या कायनेजांना रोखून धरतात. भातात विभाजन मुख्यतः मुळांची टोके, खोडाचे अग्र आणि पेरांच्या बुडाशी असलेल्या विभाजी ऊतींत चालते. रोपाची उंची आणि फुटवे यांचा पाया तेथेच घातला जातो.

मावळातील भाताचा हंगाम

एकाच पिकाला परस्परविरोधी ताण कसे सोसावे लागतात, याचे उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका. सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. जुलैत लावणीच्या सुमारास खाचरे तुडुंब भरतात. पाऊस लवकर ओसरला, तर लोंबी बाहेर पडताना व दाणा भरताना पिकाला पाण्याचा ताण बसतो. तालुक्यातील वडगाव येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालेला 'इंद्रायणी' हा सुवासिक वाण या केंद्राने विकसित केला असून तो १९८७ साली प्रसारित झाला.

पाण्याखालील प्रतिसाद

पाण्यात बुडालेल्या बियाण्याला प्राणवायू कमी मिळतो आणि त्यातील साखर लवकर संपते. अशा वेळी सीआयपीके-१५ हे कायनेज स्नर्क-१ए या दुसऱ्या कायनेजाला जागे करते. त्यातून अमायलेज विकराची निर्मिती वाढते, दाण्यातील पिष्टाची साखर होते आणि कोंब पाण्यातही वाढू शकतो. ही साखळी २००९ मध्ये प्रकाशित झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाली.

मोठ्या रोपापुढे दोन मार्ग असतात. खोल पाण्यातील भाताचे वाण पेरांमधील विभाजन वाढवून पाण्याच्या वर डोके काढतात. याउलट सब-१ए हे जनुक असलेले वाण वाढ थांबवून ऊर्जा राखतात आणि पूर ओसरल्यावर पुन्हा वाढू लागतात. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकसंच संशोधन संस्थेतील २०१६ च्या अभ्यासानुसार, एमपीके-३ हे कायनेज या जनुकाच्या प्रथिनाचे फॉस्फोरिलीकरण करते. उथळ खाचरात आलेला अल्पकालीन पूर सोसण्यास हा दुसरा मार्ग उपयोगी पडतो.

पाण्याची टंचाई आणि रोग

मातीतील ओल घटली की ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. ते ग्राही प्रथिनाशी जुळले की स्नर्क-२ कायनेजांना दाबून ठेवणारी फॉस्फटेजे निष्प्रभ होतात. मोकळी झालेली कायनेजे पर्णरंध्रे मिटवतात आणि संरक्षक जनुके चालू करतात. भातात या गटाची दहा कायनेजे आहेत.

कडा करपा या जिवाणूजन्य रोगाविरुद्ध एक्सए-२१ हे ग्राही कायनेज काम करते. त्याचे जनुक एका आफ्रिकी रानभातातून आले असून १९९५ मध्ये ते विलग करण्यात आले. हैदराबाद येथील संशोधकांनी ते सांबा मसुरी वाणात आणले आणि सुधारित वाण २००८ मध्ये प्रसारित झाला.

वाढ आणि बचाव यांचा तोल

ऊर्जा मुबलक असताना टॉर हे कायनेज वाढीला चालना देते. साखर कमी पडली की स्नर्क-१ त्याला आवर घालते आणि विभाजन मंदावते. म्हणजे ताण सोसण्याची किंमत रोप वाढीच्या रूपाने मोजते. ताणाची कायनेजे सतत कार्यरत राहिली, तर रोप तगते, पण खुरटते आणि उत्पादन घटते. ती उशिरा जागी झाली, तर पीकच हातचे जाते. म्हणून पीकसुधारणेत प्रतिसादाच्या तीव्रतेइतकेच त्याच्या वेळेला, आणि संकट टळताच तो थांबण्याला, महत्त्व आहे.