घरझडतीपासून घरच्या चाचणीपर्यंत

अप्पा बळवंत चौकात पुस्तके घेताना आपण बुधवार पेठेत, म्हणजे जुन्या पुण्यात असतो. १८९७ साली या जुन्या पुण्यात प्लेगचे रोगी हुडकण्यासाठी गोरे सोल्जर घरोघर शिरत. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. पण झडतीत रोग ओळखायचा तो ताप आणि काखेतली-जांघेतली गाठ पाहूनच. संशय आला की माणूस इस्पितळात आणि घरचे छावणीत. साहजिकच लोक रोगी लपवू लागले.

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने भारतातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला. तोवर पीसीआर हे तंत्र हाती आले होते. विषाणूच्या आरएनएपासून डीएनए बनवायचा, तो तापवून दोन धागे सुटे करायचे, थंड करून प्रत्येकाची जोडी जुळवायची. दर फेरीला प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक! पण यंत्र राष्ट्रीय विषाणू संस्थेत आणि रोग्यांची रांग नायडू रुग्णालयापुढे.

हे यंत्र घरात कसे यावे? वाट जपानी संशोधकांनी २००० साली दाखवली. त्यांच्या 'लँप' पद्धतीत सुमारे ६५ अंशांच्या एकाच तापमानाला प्रती तयार होतात. तापवणे-थंडावणे टळले, यंत्र मुठीत मावू लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत कोविडच्या अशा घरगुती चाचणीला तातडीची परवानगी मिळाली.

मे २०२१ मध्ये भारतात मंजूर झालेली पहिली घरगुती चाचणी, 'कोविसेल्फ', पुण्याच्या मायलॅबची होती. किंमत २५० रुपये, निकाल पंधरा मिनिटांत. मात्र ती रेणवीय चाचणी नव्हे. ती विषाणूचे प्रथिन शोधते. प्रती वाढवत नाही. त्यामुळे विषाणू थोडे असतील तर ते निसटतात. म्हणूनच लक्षणे असून निकाल 'नाही' आला, तर आरटी-पीसीआर करा, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने बजावले होते.

वर्गात मुलांना तीस वेळा दुप्पट करून पाहायला सांगावे. दोन चाचण्यांतला फरक तिथेच कळेल. १८९७ मध्ये निर्णय सोल्जरच्या हाती होता. आता पट्टी आपल्या हाती आहे. तेव्हा 'नाही' या उत्तराचा अर्थ समजून घेण्याची जबाबदारीही आपलीच. तो चुकीचा लावला, तर घरातल्या आजीला संसर्ग होण्यासाठी एक संध्याकाळ पुरते.