माळव्यातील गाऱ्हाणी

धारचे पवार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातींचे पवार यांचा मुलूख शिंदे-होळकरांचा कलह आणि पेंढाऱ्यांची लूट यांच्या कचाट्यात सापडून असा उजाड झाला होता की, २१ डिसेंबर १८१७ रोजी इंग्रज-होळकरांच्या महिदपूरच्या लढाईचा निकाल लागला, तेव्हा मैनाबाईंनी चिकाटीने राखलेल्या धारच्या गादीपाशी राज्य म्हणण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. शेजारच्या होळकरशाहीचा जो हिशेब माळव्याचा कारभार पाहणाऱ्या सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ सालच्या आपल्या ग्रंथात दिला आहे, त्यात ३,७०१ गावांपैकी १,६६३ बेचिराख दाखविली असून १८२० अखेर त्यांपैकी ५४३ च ओस राहिल्याचे म्हटले आहे. अर्थात हिशेब साहेबाचा आणि कारभारही साहेबाचा, हे वाचकाने ध्यानी धरावे.

महूच्या छावणीत आपली चारी दारे गाऱ्हाणेकऱ्यांना अष्टौप्रहर मोकळी असतात, याचा माल्कमला मोठा अभिमान होता, आणि तो सर्वस्वी पोकळ नव्हता. कारण मुनशी-कारकुनांच्या मध्यस्थीत रयतेचा शब्द कसा विकला जातो, हे त्याने पुरते ओळखले होते. पण १८२१ साली हाताखालच्या अंमलदारांना दिलेल्या सूचनांत रयतेस स्वतः भेटण्याचा आग्रह धरतानाच संस्थानिकांच्या अंतर्गत कारभारात हात न घालण्याचीही ताकीद त्याने दिली. तेव्हा दरबारच्या कमाविसदाराविरुद्धची, म्हणजे वसुली अंमलदाराविरुद्धची, फिर्याद ऐकली गेली तरी तिचा निवाडा बहुधा दरबारच्याच मर्जीवर राहणार, हे क्रमप्राप्त होते.

माझ्या मते रयतेची खरी जरब तिच्या परागंदा होण्यात होती. मराठी अमलात उठून गेलेला पाटील परमुलखात बसून कौल मागे: पहिली साले सारा नाममात्र, पुढे दरसाल चढता इस्तावा, बैल-बियाण्यास तगाई, आणि अटी मान्य झाल्याखेरीज शेत नांगरले जात नसल्याने सरकारला त्या ऐकाव्या लागत. लोक परतले, तेव्हा तीस-तीस वर्षे ओस पडलेल्या गावांत वाट दाखविण्यास पुढे होते ते परागंदा पाटलांचे नातू-पणतू, त्यांतील कित्येक खांद्यावर बसविलेली पोरे. आणि तरीही कोणती भिंत कोणाची, कोणते शेत कोणाचे, याविषयी तंटा झाला नाही, असे माल्कमच नोंदवितो.

देवासशी १२ डिसेंबर १८१८ रोजी आणि धारशी १० जानेवारी १८१९ रोजी कंपनी सरकारचे तह झाले. धारला उभारणीसाठी मिळालेले अडीच लाख रुपये कर्जाऊ होते, आणि त्यांच्या फेडीसाठी बेरसिया परगणा पाच वर्षे कंपनी सरकारच्या हवाली झाला; बेरसियाच्या रयतेस त्याविषयी कोणी विचारले असेल, असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही.