मावशीचा रिपोर्ट आणि फिनलंडमधली नऊ कुटुंबं

गेल्या वर्षी कर्जतहून मावशीचा फोन आला. "माझ्यात म्हणे दूध पचवायचं जीनच नाही. रिपोर्ट आलाय." पावसाळ्यात तिला जुलाब झाले होते. ते थांबले, पण दूध घेतलं की पोट फुगायचं. कुणीतरी सुचवलं म्हणून तिने जनुकीय चाचणी केली. रिपोर्टवर मुख्य ओळ एकच: −13910, सी/सी. तेवढ्यावर तिने दूध, दही, ताक, तूपसुद्धा बंद केलं.

त्या एका ओळीचा इतिहास आज सांगतो. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर तो माहीत असायला हवा, कारण चाचणी कशी सापडली हे कळलं की ती काय सांगू शकते आणि काय नाही, हेही कळतं.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती लहान आतड्यातलं लॅक्टेज हे एन्झाइम फोडतं. ते कमी असेल तर लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. 1960 च्या दशकात हे तपासायची पद्धत सोपी होती: 50 ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून प्यायला द्यायचं आणि रक्तातली साखर वाढते का ते बघायचं. 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी वाढली तर पचन कमी. या अवस्थेला नाव पडलं 'लॅक्टेज डेफिशियन्सी', म्हणजे कमतरता. नाव देणारे डॉक्टर युरोप-अमेरिकेतले. तिथल्या बहुतेक गोऱ्या लोकांना मोठेपणीही दूध पचायचं, म्हणून न पचणं हा दोष ठरला.

आपल्याकडेही लवकरच मोजणी झाली. 1970 मध्ये मुंबईत एच. जी. देसाई, एफ. पी. अँटिया आणि सहकाऱ्यांनी भारतीयांमधल्या या कमतरतेवर आणि तिच्या आनुवंशिकतेवर निबंध प्रसिद्ध केला. 1981 च्या एका अभ्यासात उत्तर भारतीयांपैकी 27.4 टक्के, तर दक्षिण भारतीयांपैकी 66.6 टक्के लोकांना लॅक्टोज सोसत नसल्याचं दिसलं. आता विचार करा, दर तीन माणसांत दोघांना असणाऱ्या गोष्टीला आजार म्हणायचं का?

उत्तराची दिशा फिनलंडमधून मिळाली. 1973 मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की हा गुण अप्रभावी पद्धतीने वारशाने येतो. मग 2002 मध्ये नबील एनात्ताह, लीना पेल्टोनेन, इर्मा यार्वेला आणि सहकाऱ्यांनी नऊ फिनिश कुटुंबांचा डीएनए तपासला. फरक लॅक्टेजच्या जनुकात नव्हताच! तो 13,910 अक्षरं अलीकडे, शेजारच्या एमसीएम6 या जनुकात होता. तिथे 'टी' असेल तर लॅक्टेज मोठेपणीही चालू राहतं. दोन्ही प्रतींत 'सी' असेल तर ते लहानपणानंतर कमी होत जातं.

आणि 'सी' हेच मूळ रूप. दूध तुटल्यावर लॅक्टेज कमी होणं ही सगळ्या सस्तन प्राण्यांची रीत आहे. बदल झाला तो दूध पचवणाऱ्यांत. म्हणजे मावशीत जीन 'नाही' असं नव्हतं. जीन होतं, फक्त त्याचं बटण जुन्या पद्धतीचं होतं.

पुढचा धडा 2007 चा. सारा टिशकॉफ यांच्या गटाला पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत वेगळेच बदल सापडले, उदाहरणार्थ −14010 वरचा. तिथे फक्त फिनिश खूण तपासली असती तर दूध आरामात पचवणारी माणसं 'न पचवणारी' ठरली असती. मग भारतात ही खूण चालते का? 2012 मध्ये छापलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातले 2,284 नमुने तपासले गेले. इथली मुख्य खूण −13910 टी हीच निघाली, उगमही युरोपातल्या 'टी'शी सामायिक. वायव्येकडून आग्नेयेकडे तिचं प्रमाण घटत जातं. त्याच वर्षी माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतल्या स्मिता लेले यांच्या गटाचं भारतीयांसाठीच्या जनुकीय चाचणीवरचं काम प्रसिद्ध झालं.

आता कर्जत-खालापूरला अभ्यास करायचा झाला तर नमुने कुणाचे घ्याल? इथे ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत, कुणबी गावं आहेत, सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात गवळी धनगर आहेत. 'रायगडचे शंभर जण' असा एकच गठ्ठा केलात तर सरासरी येईल, अर्थ येणार नाही. आणि म्हशी पाळणारा समाज म्हणून 'टी' जास्त असेलच, असंही गृहीत धरू नका. मलहोत्रा आणि गाडगीळ यांनी 1982 मध्ये गवळी धनगरांवर लिहिलं. या समाजाचा परंपरागत व्यवहार लोणी-तुपाचा. ताक-लोण्याची रीत असेल तर दूध पचवणाऱ्या जनुकावाचूनही पशुपालन चालतं. मंगोलियात ते हजारो वर्षं चाललं आहे.

मावशीकडे परत येऊ. सी/सी तर तिच्यात जन्मापासून होतं. पन्नास वर्षं ती दुधाचा चहा पीत होती, दही खात होती. जुलैमध्ये जनुक बदललं नव्हतं, जुलाबांनी आतड्याचं अस्तर दुखावलं होतं. अशी तात्पुरती असहिष्णुता जनुकीय चाचणीत दिसत नाही. शिवाय लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना 12 ग्रॅम, म्हणजे साधारण कपभर दुधातलं, एका वेळी सोसतं. दह्यातले जिवाणू काही काम आधीच करून ठेवतात. तुपात तर लॅक्टोज जवळपास नसतंच. डॉक्टरांनी हेच सांगितलं. तिने आधी ताक सुरू केलं, महिन्याभराने चहा.

तुमच्या हातात कुठलाही मार्कर आला की तीन प्रश्न विचारा: हा कुणाच्या रक्तात सापडला? हा कारण आहे की नुसती खूण? आणि समोरच्या माणसाची तक्रार केव्हापासून आहे? मावशीच्या रिपोर्टपाशी हा तिसरा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.