बाजारातील उपदेशक आणि त्याची झोळी

भाजी आणावयास निघालेला मनुष्य उपदेश ऐकावयास निघालेला नसतो. हातात पिशवी, मनात भावाची घासाघीस आणि घरी परतण्याची घाई. अशा वेळी कोणी पत्रिका पुढे करतो, कोणी दानपेटी खुळखुळवितो, आणि तो नजर चुकवून पलीकडच्या दुकानाकडे वळतो. आम्हीही पुष्कळदा असे वळलो आहोत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

बाजारात भेटेल त्याच्याशी संवाद करण्याची चाल प्रेषित पौलाच्या अथेनैतील दिवसांइतकी जुनी आहे. मराठी मुलखात ती अमेरिकन मिशनच्या गॉर्डन हॉलने मुंबईच्या रस्त्यांवर चालविली. त्याच्या भाषणांपेक्षा त्याचा शेवटचा प्रवास आम्हांला अधिक बोलका वाटतो. १८२६ साली पुस्तके व औषधे घेऊन तो नाशिककडे गेला. तेथे पटकीचा कहर चालू होता. जवळची औषधे रोग्यांना वाटून तो परत फिरला, वाटेत त्यालाच पटकीने गाठले, आणि २० मार्च रोजी एका देवळाच्या ओसरीवर त्याचा अंत झाला. ज्यांना तो रस्त्यात थांबवीत असे, त्यांच्याच ओसरीचा तो अखेरीस पाहुणा ठरला.

१९ सप्टेंबर १८८२ रोजी मुक्तिफौजेचे चौघे जण मुंबईत उतरले. त्यांचा प्रमुख फ्रेडरिक टकर पंजाबातील सनदी नोकरी सोडून आला होता. वाद्ये व झेंडा घेऊन भर वस्तीतून मिरवणूक काढावी, ही फौजेची इंग्लंडातील रीत. धार्मिक दंगा होईल या भयाने पोलिसांनी मनाई केली. मनाई मोडताच अटका झाल्या, पुढे टकरने कैदही भोगली. कलकत्त्याहून ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी फौजेच्या बाजूने आवाज उठविला, ही गोष्ट आमच्या मंडळ्यांत फारशी सांगितली जात नाही. रस्ता सर्वांचा आहे, हा टकरचा मुद्दा रास्तच होता. परंतु खरेदीस आलेल्या मनुष्याच्या कानाशी ढोल वाजविण्याचा हक्क मिळाला, म्हणून त्याचे मनही मिळते असे नाही.

हे टकरने लवकरच ओळखले असावे. त्याने व त्याच्या सोबत्यांनी विलायती पोशाख टाकून भगवी वस्त्रे घेतली, पायांतील जोडे काढले. टकर ‘फकीरसिंग’ झाला. गुजरातेतील खेड्यांत ते भिक्षा मागून जेवू लागले. या खडतर राहणीपायी काहींचे प्राणही गेले, आणि त्या हानीचे समर्थन करण्यास आमची लेखणी धजत नाही. तथापि एक गोष्ट मोलाची घडली. माधुकरी, वासुदेव, गोसावी यांना ओळखणाऱ्या आपल्या देशात भिक्षेकऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार घरच्या माणसाचा असतो. येथे उपदेशक याचक झाला आणि श्रोता यजमान.

याच फौजेने सातासमुद्रांपलीकडे वेगळाच मार्ग काढला. १८९१ च्या नाताळात सान फ्रान्सिस्को येथे कॅप्टन जोसेफ मॅकफी याला हजार गरिबांना जेवण द्यावयाचे होते, पैसे नव्हते. तरुणपणी खलाशी असताना लिव्हरपूलच्या धक्क्यावर येणारे-जाणारे एका मोठ्या भांड्यात गरिबांसाठी नाणी टाकीत, ते त्याला आठवले. त्याने ओकलंडच्या बोटींच्या धक्क्यावर, जेथून उतारूंची सतत ये-जा असे, तिवईला एक भांडे टांगले. जेवण झाले, आणि थोड्याच वर्षांत ते भांडे इतर शहरांच्या पेठांत नाताळचा बाजार करणाऱ्यांसमोर लटकू लागले. पुढे त्याच्या जोडीला घंटा आली.

या भांड्याने पुष्कळांच्या पोटात अन्न घातले. त्याची थट्टा करणे आम्हांला शोभणार नाही. शिवाय, ते कोणाची वाट अडवीत नाही, हा मोठा गुण. मात्र त्यात नाणे टाकणाऱ्याला थांबावेही लागत नाही, आणि कधी कधी ते नाणे सुटकेचा जकातकर होऊन बसते. फकीरसिंगाच्या वाटीत भाकरी घालणाऱ्याला ती घरात जाऊन आणावी लागे, आणि तो परत येईतो भिक्षेकरी दारात उभा असे.