सरकारी मक्ता आणि त्यांतील तिसरा माणूस

सरकारी कामाचा मक्ता कसा दिला जातो हें वाचकांस ठाऊकच आहे. कामाचें अंदाजपत्रक होतें, टेंडरें मागविलीं जातात, आणि ज्याचा आंकडा सर्वांत लहान त्याच्या पदरांत बहुधा काम पडतें. पैसा रयतेच्या करांतून आलेला; तो जपून खर्चावा यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु या करारावर सह्या असतात त्या दोघांच्याच. दगड फोडणारा, चुना कालवणारा, शिपायांचे कोट शिवणारा जो तिसरा माणूस, त्याचें नांव कागदावर कोठेंहि नसतें. आणि आंकडा खालीं आणण्यास मक्तेदाराला जी जागा सांपडते ती बहुतेक वेळां याच्याच मजुरींत. लोखंडाचा भाव कारखानदार ठरवितो, लांकडाचा वखारवाला. मजुराच्या पोटाचा भाव मात्र घासाघीस करून उतरवितां येतो. या तिसऱ्या माणसाला करारांत जागा मिळावी म्हणून गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत जी खटपट झाली, तिचा थोडासा इतिहास येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या खटपटीचा ठळक आरंभ विक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या अखेरीस लंडन शहरांत सांपडतो. वैभवाबद्दल जगभर मिरविणाऱ्या त्या नगरीच्या पूर्व भागांत कपडे शिवण्याचा धंदा ज्या रीतीनें चाले तिला लोक ‘घाम-पद्धति’ म्हणत. मोठा व्यापारी काम घेई, तो तें दुसऱ्यास देई, दुसरा तिसऱ्यास. जो तो आपला वाटा काढून घेई, आणि शेवटीं कोंदट खोलींत दिव्याच्या उजेडांत सुई चालविणाऱ्या बाईच्या हातीं जें उरे त्यांत तिचें एकटीचेंहि पोट भरत नसे. १८८८ सालीं लॉर्ड्स सभेनें या पद्धतीच्या चौकशीसाठीं समिति नेमली. लॉर्ड डनरेव्हन हे तिचे अध्यक्ष होते. बिअॅट्रिस पॉटर या श्रीमंत घराण्यांतील तरुणीनें पाटलोणी शिवण्याच्या कारखान्यांत स्वतः कामकरीण म्हणून राहून जें पाहिलें होतें, त्याची साक्ष या समितीपुढें दिली. सिडने वेब यांच्या पत्नी म्हणून जग ज्यांना पुढें ओळखूं लागलें त्याच या बाई. समितीची चौकशी लष्करी सामान तयार करणाऱ्या कामकऱ्यांपर्यंत पोंचली, आणि सरकारला अडचणींत टाकणारी गोष्ट उघड झाली: घाम-पद्धतीच्या गिऱ्हाइकांत खुद्द सरकारहि होतें.

समितीचें काम चालू असतांनाच, १८८९ सालीं, लंडनच्या स्कूल बोर्डानें शाळा बांधणाऱ्या मक्तेदारांकडून रास्त मजुरी देण्याची हमी मागितली, व लगोलग लंडनच्या नव्या काउंटी कौन्सिलानें तोच कित्ता गिरविला. मग ता. १३ फेब्रुवारी १८९१ रोजीं सिडने बक्स्टन यांनीं कॉमन्स सभेंत हा विषय आणला. अधिकारावर सॉल्झबरी यांचें हुजूर पक्षाचें सरकार होतें. तरी त्यानें शब्दांत फेरफार करून ठराव मान्य केला. ठरावाचा आशय असा, कीं सरकारी मक्त्यांत घाम-पद्धतीच्या दोषांचा बंदोबस्त करावा, पोटमक्त्यानें होणारा गैरप्रकार थांबवावा, आणि ज्या त्या धंद्यांत कुशल कामकऱ्यास जी मजुरी सर्वमान्य असेल ती मिळावी म्हणून सर्व प्रयत्न करावे.

हा ठराव होता, कायदा नव्हता; आणि त्याचें सारें बळ व सारी दुर्बलता या एका वाक्यांत आहे. सर्व देशाची मजुरी ठरविण्याचें धाडस त्या काळचें पार्लमेंट करतेंना. पण सरकार स्वतः गिऱ्हाईक म्हणून उभें राहतें तेव्हां आपल्या अटी सांगण्यास त्याला कोणाची ना? ही युक्ति चतुर खरी. परंतु जेथें सगळा धंदाच उपासमारीवर चालतो, तेथें ‘सर्वमान्य’ मजुरी म्हणजे उपासमारीचीच मजुरी! शिवाय संघटना नसलेल्या बायकांच्या धंद्यांत सर्वमान्य दर सांगणार तरी कोण? मक्तेदारानें अट मोडली तर त्याला जाब विचारणार तें सरकारी खातें. मजुराला कोर्टांत जातां येत नसे, कारण करारांत तो पक्षकारच नव्हता. ज्या खात्याला काम स्वस्तांत हवें त्यानेंच स्वस्ताईचें कारण शोधावें, ही अपेक्षा आम्हांस जरा भाबडी वाटते.

ता. १० मार्च १९०९ च्या ठरावानें मजुरीबरोबर कामाचे तासहि अटींत घातले आणि मालक व मजूरसंघ यांनीं मान्य केलेल्या दरांकडे बोट दाखविलें. पुढचें पाऊल आम्ही अधिक महत्त्वाचें मानतों. १९२५ सालीं बीटच्या साखरेस सरकारी मदत देणारा कायदा झाला, तेव्हां मदत घेणाऱ्या कारखान्यांवरहि रास्त मजुरीची अट घालण्यांत आली. १९३० सालीं प्रवासी मोटारींच्या परवान्यांनाहि ती लागली. म्हणजे सरकार माल घेतें तेव्हांच नव्हे, तर देणगी देतें तेव्हांहि त्या पैशाच्या वाटेवर त्यानें लक्ष ठेवावें, हें तत्त्व रुजलें. १९४६ च्या ऑक्टोबरांत झालेल्या तिसऱ्या ठरावानें मजूरसंघांत सामील होण्याचें स्वातंत्र्य मान्य केलें, पोटमक्तेदाराच्या वर्तनाची जबाबदारी मुख्य मक्तेदारावर टाकली, व ठरावाची प्रत कामाच्या जागीं लावण्यास सांगितलें. तिसऱ्या माणसाला निदान आपल्यासाठीं काय लिहिलें आहे तें वाचावयास मिळालें. १९४९ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें याच विषयावर आपला ९४ वा करार केला, आणि ब्रिटननें त्यास १९५० सालीं संमति दिली.

अमेरिकेची हकीकत वेगळी. तेथें १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यानें सरकारी बांधकामांवर स्थानिक दराची मजुरी सक्तीची केली. पण त्या चर्चेंतील कांहीं भाषणांत दक्षिणेकडील काळ्या मजुरांस दूर ठेवण्याचा हेतु लपत नाहीं. तिसऱ्या माणसाच्या नांवानें चवथ्याला दाराबाहेर ठेवणें हेंहि या इतिहासांत घडलें आहे. त्याचें उत्तर दहा वर्षांनीं फिलिप रँडॉल्फ या निग्रो मजूरपुढाऱ्यानें दिलें. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना काम मिळावें म्हणून वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची त्यानें घोषणा केली, आणि मोर्चाच्या ठरल्या दिवसापूर्वीं, २५ जून १९४१ ला, रूझवेल्ट यांनीं वर्णभेदास मनाई करणारें कलम युद्धसामग्रीच्या मक्त्यांत घालण्याचा हुकूम काढला. १९६५ सालीं जॉन्सन यांनीं अशाच हुकुमानें तें तत्त्व सर्व संघीय मक्त्यांस व सरकारी मदतीच्या बांधकामांस लागू केलें. हा हुकूम साठ वर्षें टिकला; २१ जानेवारी २०२५ ला दुसऱ्या एका अध्यक्षाच्या हुकुमानें तो रद्द झाला.

आपल्या देशांत हा विषय मजुरांविषयींच्या रॉयल कमिशनपुढें आला. १९२९ सालीं नेमलेल्या या कमिशनचे अध्यक्ष व्हिटले होते. आणि सभासदांत आपले ना. म. जोशी होते. मुंबईच्या चाळींतून मजुरांचे संसार ज्यांनीं वर्षानुवर्षें पाहिले, त्या जोशांना हा तिसरा माणूस कोण हें सांगावें लागत नव्हतें. सार्वजनिक बांधकामाचे मक्ते देतांना मजुरी व कामाची स्थिति यांची हमी देणारे नियम करावे, अशी शिफारस कमिशननें १९३१ च्या अहवालांत केली. पुढें १९४८ चा किमान वेतनाचा कायदा आला. रस्ते व इमारतींचें काम त्याच्या यादींत होतें. १९७० च्या कंत्राटी मजुरांच्या कायद्यानें तर मक्तेदार मजुरी चुकवील तेथें ती मूळ मालकानें द्यावी असें ठरविलें. कागदावर आतां तिसऱ्या माणसाची सोय बरीच झाली होती.

या कागदाची परीक्षा १९८२ सालीं दिल्लींत झाली. आशियाई खेळांसाठीं क्रीडागृहें, पूल व रस्ते घाईघाईनें उभे राहत होते, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश व ओरिसा येथून आणलेले हजारों मजूर त्यांवर राबत होते. दिवसाची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे होती. तींतून मजूर आणणारा जमादार माणशीं एक रुपया कापून घेई, व बायकांच्या हातीं सातच रुपये पडत. लोकशाही हक्कांसाठीं झटणाऱ्या एका संस्थेनें हें सारें सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ति पी. एन. भगवती यांस पत्रानें कळविलें, आणि कोर्टानें त्या पत्रालाच अर्ज मानलें. सरकारपक्षानें काढलेली सबब जुनीच होती: दोष असेल तर तो मक्तेदारांचा, आमचा नव्हे.

ता. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालांत ही सबब फेटाळली गेली. कोर्टानें म्हटलें कीं किमान मजुरीहून कमी पैशांत माणूस राबतो तो भुकेच्या सक्तीनें राबतो, आणि असें काम म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमानें मना केलेली वेठच होय. आमच्या खेड्यांतल्या माणसाला वेठ हा शब्द समजावून द्यावा लागत नाहीं. पाटलाच्या किंवा मामलेदाराच्या दारीं ती कशी धरली जाई हें त्याच्या आज्यानें त्याला सांगितलेलें असतें. आतां सर्वोच्च न्यायासन सांगत होतें कीं मक्तेदाराच्या हजेरीपटावरहि ती असूं शकते, आणि ती मोडण्याचें कर्तव्य मक्ता देणाऱ्या सरकारचें आहे. इंग्लंडच्या ठरावांत खात्याच्या मर्जीवर असलेली गोष्ट येथें मजुराचा स्वतःचा हक्क झाली. कामांवर जाऊन कायदा पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास कोर्टानें तीन निरीक्षकहि नेमले होते.

आंतरराष्ट्रीय करारावर हिंदुस्थाननें कधीं सही केली नव्हती. ज्या ब्रिटननें केली होती, त्यानें त्याच सप्टेंबर महिन्यांत तींतून अंग काढून घेत असल्याची सूचना दिली. दिल्लींतले खेळ १९ नोव्हेंबरला सुरू झाले. ते संपून दोन आठवडेहि झाले नव्हते तोंच, १६ डिसेंबरला, कॉमन्स सभेनें १९४६ चा ठराव मागें घेण्यास संमति दिली, आणि २१ सप्टेंबर १९८३ पासून ब्रिटिश सरकारचे मक्ते त्या अटीवांचून निघूं लागले.