फवारणी ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर बदलताना: नव्या कंट्रोलरचा सिग्नल जुन्या ईएससीला कळतो का?

ऑक्टोबर छाटणीनंतर पाने उघडू लागली आणि त्यातच पाऊस झाला, तर निफाड-दिंडोरीच्या काळ्या जमिनीत वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर बागेत घालता येत नाही. डाऊनी मात्र वाफशाची वाट पाहत नाही. ड्रोन नेमका याच दिवसांत हवा असतो, म्हणून त्यातील मोठी दुरुस्ती छाटणीच्या आधीच उरकावी. त्यात फ्लाइट कंट्रोलर बदलायचा असेल, तर तो विकत घेण्याआधी ईएससीचा माहितीकागद काढून वाचा.

ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर. सहा मोटरींच्या ड्रोनवर असे सहा असतात. फ्लाइट कंट्रोलर त्यांना सेकंदाला शेकडो वेळा हुकूम देतो आणि हा हुकूम कोणत्या पद्धतीने जातो, तिथेच अडचण येते.

जुनी व सर्वांत प्रचलित पद्धत पीडब्ल्यूएम. यात पल्सच्या लांबीवरून वेग ठरतो: साधारण 1000 मायक्रोसेकंदाला मोटर बंद, 2000 ला पूर्ण वेग. प्रत्येक ईएससी ही लांबी किंचित वेगळी मोजतो, त्यामुळे सर्वांचे कॅलिब्रेशन एकत्र करावे लागते. ते राहिले तर एक मोटर उशिरा फिरू लागते आणि उड्डाण घेतानाच ड्रोन कलतो. शेती ड्रोनच्या काही ईएससींची थ्रॉटल मर्यादा कारखान्यातच पक्की केलेली असते. त्यांचे कॅलिब्रेशन होत नाही. कागदावरचे किमान व कमाल आकडे फ्लाइट कंट्रोलरमध्ये भरावे लागतात.

डीशॉट ही डिजिटल पद्धत. प्रत्येक हुकूम 16 बिटांचा: 11 वेगासाठी, 1 टेलिमेट्रीच्या मागणीसाठी, 4 तपासणीसाठी. चुकीचा हुकूम ईएससी टाकून देतो आणि कॅलिब्रेशन लागत नाही. ऐकायला हे चांगले वाटते, पण ईएससीच्या फर्मवेअरला डीशॉट येत नसेल तर मोटर फिरणारच नाही. मोठ्या मोटरींचे अनेक ईएससी पीडब्ल्यूएम किंवा कॅनवरच चालतात. शिवाय फवारणी ड्रोनचे हात लांब असल्याने वायरही लांब असते. डीशॉट वापरायचाच असेल तर 600 च्या मागे न लागता 150 घ्यावा. दहा लिटरची टाकी उचलणाऱ्या यंत्राला शर्यतीच्या ड्रोनची चपळाई लागत नाही.

व्होल्टेजही पाहा. आजचे बरेच कंट्रोलर 3.3 व्होल्टचा सिग्नल देतात, तर काही जुन्या ईएससींना 5 व्होल्ट लागतात. हा दोष फसवा आहे: टेबलावर सगळे चालते, आणि बागेत हुकूम मधेच चुकतो. सिग्नलच्या वायरीसोबत ग्राउंडची वायरही कंट्रोलरपर्यंत नेलेली असावी. पिक्सहॉक प्रकारच्या अनेक बोर्डांवर मुख्य आणि सहायक अशा दोन आउटपुट रांगा असतात. दोन्हींवर डीशॉट मिळेलच असे नाही.

चाचणी पंखे काढून, टाकी रिकामी ठेवूनच करावी. एकेक मोटर फिरवून तिचा क्रमांक व दिशा ताडून पाहा. कंट्रोलरचे सॉफ्टवेअर बदलले की मोटरींचे क्रमांकही बदलू शकतात. ईएससी सारखा बीप देत राहिला, तर सिग्नल पोहोचत नाही किंवा थ्रॉटल शून्यावर नाही असे समजावे. यानंतर पंखे बसवून रिकाम्या टाकीने उड्डाण, मग थोडे साधे पाणी भरून. तेही मोकळ्या रानात, मांडवाच्या तारा, वीजवाहिनी आणि माणसांपासून लांब. चार मोटरींच्या ड्रोनची एक मोटर हवेत थांबली, तर तो औषधासकट खाली येतो.

ड्रोन नियम 2021 प्रमाणे ड्रोनचा यूआयएन क्रमांक फ्लाइट कंट्रोलरच्या अनुक्रमांकाशीही जोडलेला असतो. त्यामुळे नव्या कंट्रोलरचा अनुक्रमांक नोंदणीत भरल्याशिवाय उड्डाण करू नये. टाइप सर्टिफिकेटही ठरावीक रचनेलाच दिलेले असते. अनुदानावर किंवा ड्रोन दीदी योजनेतून आलेला ड्रोन म्हणूनच स्वतः उघडू नये. बदल उत्पादकाकडून लेखी घ्यावा. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी भाडे केंद्रावरील ड्रोन पाहताना ड्रोनवर बसवलेल्या कंट्रोलरचा अनुक्रमांक नोंदणीतल्या अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. बदल झाला असेल, तर सिग्नलचा प्रकार, किमान-कमाल आकडे व चाचणीची तारीख ड्रोनच्या वहीत लिहून ठेवायला सांगावे. पुढच्या हंगामात एखादा ईएससी बदलावा लागला, तर मेकॅनिक आधी हेच विचारेल.