तीन महिन्यांच्या बोलीवर

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश छावणीविषयी टिपणे काढताना ‘तात्पुरता आश्रय’ हे शब्द मला वारंवार भेटले. तात्पुरता म्हणजे किती दिवस, आणि ते ठरवणार कोण? या प्रश्नाचा माग काढत मी वळिवड्याच्याही आधीच्या, स्पेनच्या यादवी युद्धापर्यंत पोहोचलो.

२६ एप्रिल १९३७ रोजी फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन विमानांनी बास्क प्रांतातले गेर्निका गाव बेचिराख केले. २१ मे रोजी बिल्बाओच्या बंदरातून ‘हबाना’ हे जहाज इंग्लंडला निघाले. त्यात सोय होती आठशेएक प्रवाशांची. चढली सुमारे ३,८०० मुले. सोबत शिक्षिका, मदतनीस बायका आणि काही पाद्री. प्रत्येक मुलाच्या अंगावर क्रमांक घातलेली पुठ्ठ्याची षट्कोनी चकती. घरून निघताना सांगितले होते, तीनच महिने.

ब्रिटिश सरकारने त्यांना घेतले ते नाखुशीनेच. स्पेनच्या युद्धात हस्तक्षेप करायचा नाही, हे त्याचे धोरण. सरकारी तिजोरीतून पैही मिळणार नाही, दर मुलामागे आठवड्याला दहा शिलिंगांची हमी स्वयंसेवी समितीने द्यावी, अशी अट घालण्यात आली. अटीत मला दयेपेक्षा हिशेबच जास्त दिसतो. पण त्या हिशेबामुळेच कामगार संघटनांनी, चर्चच्या मंडळ्यांनी, साध्या कुटुंबांनी वर्गणी काढली आणि मुले सरकारची न होता लोकांची झाली, हेही खरे.

साउदॅम्प्टनजवळच्या शेतात तंबू पडले. महिनाही झाला नव्हता, तोच १९ जूनला बिल्बाओ फ्रँकोच्या हाती गेले. छावणीत ध्वनिक्षेपकावरून ही बातमी सांगितली, तेव्हा एकच आकांत झाला.

खरा पेच इथून सुरू होतो. फ्रँकोपक्षीय म्हणू लागले, तिकडची लढाई संपली, आता मुले परत करा. समितीचे म्हणणे, आईबापांनी स्वतः मागितल्याशिवाय मूल हलवणार नाही. पण आलेले पत्र मनापासून लिहिलेले की धाकाने, हे लंडनमध्ये बसून कसे ओळखायचे? कुणाचा बाप तुरुंगात, कुणाचे आईबाप परागंदा; अशा मुलांना बोलावणारेच घरी कुणी उरले नव्हते.

बहुतेक मुले १९४० पर्यंत परतली. दुसरे महायुद्ध संपले तेव्हाही चारशेच्या वर इंग्लंडातच होती, आणि एव्हाना बरीचशी वयात आली होती. त्यांतली अडीचशेच्या आसपास तिथेच कायमची राहिली.